साडेसहा तासांत अमेरिका? लांबच्या विमानाचं तिकीट कसं वाचायचं



पूर्वी आपल्या गटांतून कर्ज निघायचं ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी. आता कर्ज मागणीच्या अर्जावर अधूनमधून एक नवीन कारण दिसायला लागलंय. ते म्हणजे विमानाचं तिकीट. कुणाचा मुलगा आखातात कामाला चाललाय, कुणाची लेक लग्न होऊन अमेरिकेला गेलीय, तर कुणी स्वतःच लेकीच्या बाळंतपणाला निघालीय. एसटीचं तिकीट आपल्याला पाठ आहे. विमानाचं तिकीट मात्र मोबाईलवर येतं, इंग्रजीत असतं, आणि त्यातल्या वेळा बघून डोकं चक्रावतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका गटातल्या ताईंची गोष्ट आधी सांगते. “छापा, पण माझं नाव नको,” असं त्यांनीच सांगितलंय. त्यांची लेक अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ राहते. लेकीचे दिवस भरत आलेले. जावयाने तिकीट काढून मोबाईलवर पाठवलं. तारीख १४, वेळ ००:४५. घरात सगळ्यांनी वाचलं: १४ तारखेला, रात्री पाऊण वाजता. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा बांधला, शेजारणींनी ओटी भरली. १४ तारखेला सकाळी देवाला नारळ फोडून गाडी निघाली. संध्याकाळी सात वाजता मुंबईच्या विमानतळाच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या शिपायाने तिकीट बघितलं आणि म्हणाला, “मावशी, हे विमान काल रात्रीच गेलं.”

विमान सुटून अठरा तास होऊन गेले होते. तिकिटावर १४ तारीख होती हे खरं. पण १४ तारीख रात्री बारा वाजता सुरू होते. म्हणजे १३ तारखेची रात्र जिथे संपते तिथल्या पाऊण वाजताचं ते विमान होतं. ताईंनी १३ तारखेलाच घर सोडायला हवं होतं.

पुढे काय झालं? जाण्याचं तिकीट गेलंच, त्याला जोडलेलं परतीचंही रद्द झालं. नवीन तिकिटासाठी थोडे जावयाने भरले, तीस हजार ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेतले. चार दिवसांनी त्या पोचल्या, तेव्हा नातू एक दिवसाचा झाला होता. लेक म्हणाली, “आई, आलीस ना, झालं तर मग.” पण ताईंच्या मनाला ते लागलं ते लागलंच. कर्जाचा बारावा आणि शेवटचा हप्ता त्यांनी गेल्या महिन्याच्या बैठकीत फेडला, तेव्हाच हा लेख लिहायचं ठरलं.

चूक शिक्षणाची नव्हती. घरात पदवीधर मुलगा होता, त्यानेही तसंच वाचलं. ही चूक होते कशी, आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतचं अंतर आणि वेळ नक्की मोजायची कशी, हे आज नीट समजून घेऊ. तुम्ही विमानात बसा किंवा न बसा, घरातलं माणूस बसेल तेव्हा उपयोगी पडेल.

आपली रात्र आणि तिकिटाची रात्र

आपण ‘सोमवारी रात्री एक वाजता’ म्हणतो तेव्हा सोमवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र धरतो. पंचांगातही वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. म्हणजे आपली रात्र मागच्या दिवसाची. घड्याळाचा हिशेब वेगळा आहे. घड्याळात रात्री बारा वाजले की तारीख बदलते. रात्री ११:५५ ला १३ तारीख असेल, तर पुढच्या दहा मिनिटांत १४ लागलेली असते.

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणून एकच नियम कायमचा लक्षात ठेवा. तिकिटावरची वेळ ००:०० ते ०५:०० यांच्यामध्ये असेल, तर तिकिटावरच्या तारखेतून एक दिवस वजा करा. जी तारीख येईल, त्या दिवशी घर सोडायचं. तिकीट १४ चं, वेळ ००:४५, तर घर सोडायचं १३ ला. कॅलेंडरवर १४ वर नव्हे, १३ वर गोल करा आणि बाजूला लिहा: ‘आज निघायचं’.

तिकिटावर वेळ चोवीस तासांची असते हेही ध्यानात असू द्या. १३:०० म्हणजे दुपारी एक, २०:३० म्हणजे रात्री साडेआठ. बारानंतरचा आकडा दिसला की त्यातून बारा वजा करायचे.

तिकीट म्हणतं साडेसहा तास, मग सोळा तास कसे?

आता त्याच तिकिटाची दुसरी गंमत बघा. मुंबईहून सुटायची वेळ १४ तारीख ००:४५. न्यूयॉर्कला पोचायची वेळ १४ तारीख ०७:१५. वजाबाकी केली तर साडेसहा तास. एवढ्या वेळात तर आपली एसटी मुंबईला पोचते! मग अमेरिका इतकी जवळ आहे का?

नाही. विमान हवेत असतं सुमारे सोळा तास. उरलेले साडेनऊ तास गेले कुठे?

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाची. दोन वेगळ्या घड्याळांतल्या वेळांची थेट वजाबाकी करायची नसते. विमान उतरतं तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे सव्वासात असतात, पण तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात त्याच क्षणी दुपारचे पावणेपाच झालेले असतात. रात्री पाऊण ते दुपारी पावणेपाच, किती झाले? बरोबर सोळा.

येताना उलटं होतं. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला विमान सुटलं, तर तिकिटावर मुंबईला पोचायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी १२ च्या आसपास दिसते. त्यापुढे बारीक अक्षरात ‘+१’ लिहिलेलं असतं. ‘+१’ म्हणजे दुसरा दिवस. बघणाऱ्याला वाटतं, परत यायला चोवीस तास लागतात. प्रत्यक्षात विमान हवेत असतं सुमारे साडेचौदा तास.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे हातउसन्यासारखं आहे. जाताना घड्याळाने तुम्हाला साडेनऊ तास उसने दिले, म्हणून प्रवास छोटा दिसला. येताना तेच साडेनऊ तास परत घेतले, म्हणून प्रवास मोठा दिसला. व्याज नाही, सूट नाही. तुमच्या शरीराने मात्र जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास खरेखुरे काढलेले असतात.

दोन घड्याळं का?

बैठकीत एक प्रयोग करा. मधोमध समई लावा, तो झाला सूर्य. बाजूला एक घागर धरा, ती झाली पृथ्वी. घागरीच्या एका अंगाला कुंकवाचा ठिपका लावा, ही मुंबई. दुसऱ्या अंगाला, जवळजवळ समोरासमोर, हळदीचा ठिपका लावा, हे न्यूयॉर्क. आता घागर हळूहळू फिरवा. कुंकवावर उजेड आला की हळद अंधारात जाते. मुंबईत सकाळ होते तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवसाची रात्र असते, ती अशी.

पृथ्वीची एक गिरकी म्हणजे ३६० अंश, आणि तिला चोवीस तास लागतात. म्हणजे एका तासात १५ अंश. मुंबई ७३ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. दोन्हींमध्ये १४७ अंश. त्याला १५ ने भागलं की पावणेदहा तासांच्या थोडं वर उत्तर येतं. मग घड्याळात साडेनऊच तास का? कारण प्रत्येक गावाने आपापल्या सूर्यावर घड्याळ लावलं तर रेल्वेचं वेळापत्रकच करता येणार नाही. म्हणून देश एक ठरावीक वेळ मानतात. आपल्या देशाची वेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर धरलेली आहे. मुंबईची पूर्वी स्वतःची वेळ होती, भारताच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. ती थेट १९५५ पर्यंत चालली.

अमेरिकेत आणखी एक भानगड आहे. तिकडे उन्हाळ्यात उजेडाचा फायदा घ्यायला घड्याळ एक तास पुढे करतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. त्यामुळे न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा तास.

लेकीला फोन करताना हिशेब करायची सोपी युक्ती सांगते. उन्हाळा असेल तर आपल्या वेळेत अडीच तास मिळवा आणि दिवसाची रात्र, रात्रीचा दिवस करा. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेत? अडीच मिळवले, साडेदहा झाले, उलटं केलं, तिकडे सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात अडीचऐवजी दीडच तास मिळवा. आपल्याकडे सकाळ असेल तर तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते. म्हणजे सोमवारी सकाळी आठला फोन लावलात, तर उन्हाळ्यात तिकडे रविवारी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. बाळंतिणीची झोपमोड होईल!

अंतर किती आणि वाट कुठली?

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. नुसत्या आकड्याने अंदाज येत नाही, म्हणून असं बघा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. असे जवळजवळ अठरा समृद्धी महामार्ग एकापुढे एक जोडले की न्यूयॉर्क येतं. पृथ्वीला एक पूर्ण फेरी सुमारे ४०,००० किलोमीटरची होते. म्हणजे ताई पृथ्वीच्या फेरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दमात जाऊन येतात.

शाळेतल्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर रेघ अरबी समुद्रावरून, आफ्रिकेवरून, अटलांटिक महासागरावरून जाते. विमान मात्र त्या वाटेने जात नाही. ते मुंबईहून निघून उत्तरेकडे तोंड करतं. ‘पश्चिमेला जायचं तर उत्तरेला कशाला?’ असं पहिल्यांदा विमानात बसलेल्या अनेकांना वाटतं. समोरच्या पडद्यावर नकाशा दिसतो, त्यात विमान वर-वर सरकताना बघून वाट चुकलं की काय अशी शंका येते.

पुन्हा घागर घ्या. कुंकवाच्या ठिपक्यावर सुतळीचं एक टोक धरा, दुसरं हळदीच्या ठिपक्यावर, आणि सुतळी ताणा. दोन्ही ठिपके घागरीच्या पोटावर, थोडे वरच्या अंगाला असतील तर ताणलेली सुतळी पोटावरून आडवी राहत नाही, ती वर गळ्याकडे सरकते. तीच जवळची वाट. गोल वस्तूवर जवळची वाट अशी वाकडी दिसते. सपाट कागदावर सरळ दिसणारी रेघ खरं तर लांबची असते. मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत कागदावरची सरळ रेघ धरली तर दीड हजार किलोमीटरहून जास्त वळसा पडेल.

ही जवळची वाट मध्य आशिया, रशिया, उत्तर युरोप, आइसलँडच्या बाजूने, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरते. पण आकाशातही गावातल्या पाणंदीसारखे बांध असतात. कुणी वाट अडवली तर वळसा घालावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि युक्रेनवरचं आकाश प्रवासी विमानांसाठी बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली. असं झालं की वाट लांबते, वेळ वाढते. म्हणून तिकिटावरची वेळ हंगामागणिक बदलते. शेजारणीची सून गेली तेव्हा पंधरा तास लागले होते म्हणून तुम्हालाही पंधराच लागतील असं नाही.

जाताना जास्त, येताना कमी

अंतर तेच, विमान तेच, मग जाताना सोळा आणि येताना साडेचौदा का?

कारण वारा. तुम्ही सायकलवर बाजाराला जाताय आणि वारा तोंडावर आहे, तर दम लागतो. येताना तोच वारा पाठीवर असतो, पायडल न मारता सायकल पळते. विमानाचंही तसंच. लांब पल्ल्याची विमानं साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. तिथे हवा विरळ असते, अडथळा कमी होतो, इंधन वाचतं. बाहेर थंडी मात्र शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास असते. त्याच उंचीवर, आपल्या उत्तरेकडच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक मोठी नदी वाहते. तिचा वेग कित्येकदा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असतो, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. अमेरिकेकडे जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीवर.

विमानाचा स्वतःचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर. पण १२,५४० भागिले १६ केलं तर जातानाचा सरासरी वेग येतो ७८४. येताना साडेचौदाने भागा, ८६५ येतो. फरक वाऱ्याचा, आणि थोडा वाटेच्या वळशाचा.

एवढ्या लांब जायला इंधनही तसंच लागतं. या मार्गावर चालणाऱ्या मोठ्या विमानांपैकी एकाची टाकी सुमारे १ लाख ८१ हजार लिटरची आहे. आपल्या गावाला येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आठवा, तसे अठरा टँकर. एवढा लांबचा पल्ला असेल तर वैमानिकही दोनाच्या जागी चार असतात. दोघं चालवतात, दोघं झोपतात, मग पाळी बदलते.

मधे थांबणारं विमान घ्यावं का?

तिकीट शोधताना दोन भाव दिसतात. एकदम जाणारं महाग आणि मधे उतरून बदलायचं ते स्वस्त. यात अंतराचा फरक फार नसतो. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२०. बेरीज १२,९५०. म्हणजे सरळ वाटेपेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त, विमानाला अर्धा तास. खरा फरक पडतो तो मधल्या मुक्कामाचा. मधे चार तास थांबायचं असेल तर पूर्ण प्रवास एकवीस-बावीस तासांचा होतो. दहा तास थांबायचं असेल तर सत्तावीस-अठ्ठावीसचा. म्हणून तिकीट घेताना नुसता भाव विचारू नका. ‘मधे कुठे थांबणार, किती तास थांबणार आणि विमान बदलावं लागणार का?’ हे तीन प्रश्न विचारा.

एका शब्दाकडेही लक्ष ठेवा. ‘डायरेक्ट’ म्हटलेलं विमान मधे एखाद्या ठिकाणी उतरू शकतं. ‘नॉनस्टॉप’ म्हटलेलं कुठेही न उतरता जातं. एजंट ‘डायरेक्ट आहे’ म्हणाला तर ‘नॉनस्टॉप आहे का?’ असं स्पष्ट विचारा.

पहिल्यांदा एकटी जाणारी, इंग्रजी न येणारी बाई असेल तर चार पैसे जास्त गेले तरी नॉनस्टॉप बरं, असं माझं मत आहे. मधे बदलायचंच असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी दोन तिकिटं काढली तर ती जबाबदारी आपल्यावर येते. मधल्या देशाचा व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

विमानाचे सोळा तास म्हणजे प्रवासाचे सोळा तास नव्हेत. आपल्या ताईंचं तिकीट घेऊन खरा हिशेब मांडू.

१३ तारखेला सकाळी ११ ला गाव सोडलं. रस्ता, जेवण आणि मुंबईची गर्दी धरून रात्री ८ ला विमानतळ: ९ तास.
सामान देणं, तपासणी, पासपोर्टवर शिक्का, बसून राहणं, ००:४५ पर्यंत: पावणेपाच तास.
विमानात: १६ तास.
न्यूयॉर्कला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान: २ तास.
तिथून लेकीच्या घरी: दीड तास.

एकूण सव्वातेहतीस तास. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ जमिनीवरचा आहे. हा हिशेब आधी कळला की माणूस त्या तयारीने निघतो.

घरी राहिलेल्यांसाठीही हा हिशेब कामाचा आहे. सोळा तास फोन बंद लागणार. उतरल्यावरही दोन तास रांगेत जातात, तिकडचं सिमकार्ड नसतं. तेव्हा विमान आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी पावणेपाचला उतरणार असेल, तर संध्याकाळी सातपर्यंत फोनची वाट बघा, त्याआधी घाबरून जाऊ नका. विमानाचा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो मोबाईलवर टाकला की विमान कुठे पोचलं ते कळतं, घरातलं कुणीही पोर बघून सांगेल.

शरीराचं घड्याळ

भिंतीवरचं घड्याळ एका झटक्यात बदलतं, शरीराचं बदलत नाही. न्यूयॉर्कला सकाळ असते तेव्हा शरीर म्हणतं संध्याकाळ झाली. दुपारी डोळे मिटतात, रात्री दोनला टक्क जाग येते, भूक भलत्या वेळी लागते. हा आजार नव्हे. साधारण आठवडाभरात शरीर रुळतं. सकाळच्या उन्हात फिरा, दिवसा लांब झोप टाळा.

बीपीची, साखरेची गोळी चालू असेल तर मात्र अंदाजाने घेऊ नका. ‘सकाळी आठची गोळी’ तिकडे गेल्यावर कधी घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्या ताईंनी तर हे विसरूच नये. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत. विमानात पाणी पीत राहा आणि दर तास-दोन तासांनी उठून चार पावलं चाला. सोळा तास एका जागी बसून पायात रक्त साकळण्याचा धोका असतो. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. ती मागण्यात लाज नाही. इंग्रजी न येणाऱ्या बाईला रांगांमधून वाट दाखवायला त्यामुळे एक माणूसही सोबत मिळतो.

तिकीट हातात आलं की

गटाच्या बैठकीत आपण कर्जरोखा मोठ्याने वाचतो, मगच सही करतो. तिकिटाचंही तसंच करा. घरातल्या एकाने वाचायचं, दुसऱ्याने हे तपासायचं:

१. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर तेच आहे ना?
२. वेळ ००:०० ते ०५:०० मध्ये आहे का? असेल तर आदल्या दिवशी घर सोडायचं.
३. कोणता विमानतळ? मुंबईचा की नवी मुंबईचा? आता दोन आहेत. न्यूयॉर्ककडेही जेएफके आणि न्यूअर्क असे वेगवेगळे विमानतळ आहेत. घ्यायला येणाऱ्याला नेमकं नाव सांगा.
४. प्रवासाचा एकूण कालावधी किती लिहिलाय? दोन वेळांची वजाबाकी करू नका, तिकिटावर कालावधी वेगळा दिलेला असतो, तोच खरा.
५. ‘+१’ कुठे आहे का? असेल तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवसाची.
६. पहिलं विमान चुकलं तर काय? बहुतेक कंपन्या पुढचं आणि परतीचं तिकीटही रद्द धरतात. उशीर होतोय असं वाटलं तर विमान सुटण्याआधीच कंपनीला फोन करा. सुटल्यानंतर हातात फार काही उरत नाही.

आपल्या त्या ताई सहा महिने राहून परत आल्या. गटातली दुसरी एक सदस्य येत्या दिवाळीनंतर मुलाकडे जाणार आहे. गेल्या बैठकीत तिचं तिकीट वाचलं गेलं, आणि ते वाचलं याच ताईंनी. तारीख २०, वेळ ०१:१०. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “तर मग घर कधी सोडायचं गं?”

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “एकोणीसला!”